जुना पीएलसी बदलताना

कारखान्यातली कोणती मोटार कधी सुरू करायची, कोणता व्हॉल्व्ह कधी बंद करायचा, हे ठरवणारा संगणक म्हणजे पीएलसी. ॲलन-ब्रॅडलीचा पीएलसी-५ हा १९८६चा; त्याचं उत्पादन २०१७मध्ये थांबलं. आज तो नीट चालत असला तरी सुटे भाग दुर्मिळ झालेत आणि त्याचा प्रोग्राम जाणणारी माणसं निवृत्त होत आहेत. माझ्या मते दुसरी अडचण जास्त गंभीर आहे.

ॲलन-ब्रॅडलीच्याच नव्या कंट्रोललॉजिक्स पीएलसीवर जाताना जुन्या तारांची पट्टी तशीच काढून अडॅप्टरवर बसवता येते. प्रोग्राम बदलून देणारं सॉफ्टवेअरही मिळतं, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नये. जुना पीएलसी सगळे इनपुट एकदम वाचतो आणि मग प्रोग्राम चालवतो. नव्यात प्रोग्राम चालू असतानाच इनपुट बदलू शकतो. म्हणजे एकाच फेरीत वरच्या ओळीला बटण बंद दिसतं आणि खालच्या ओळीला तेच चालू! असा दोष कधीतरीच उगवतो आणि शोधताना घाम काढतो. उपाय साधा आहे: फेरीच्या सुरुवातीलाच इनपुटची नक्कल करून ठेवायची आणि प्रोग्रामने तीच वाचायची.

साखर कारखान्याला गळीत संपल्यावर या कामासाठी उसंत मिळते. सतत चालणाऱ्या रासायनिक प्लँटला शटडाउनचे मोजके दिवस. वेळ कितीही कमी असो, प्रत्येक इंटरलॉक (धोक्याची क्रिया रोखणारी अट) प्रत्यक्ष चालवून आणि आणीबाणीचं प्रत्येक बटण दाबून तपासलंच पाहिजे. जुन्या पीएलसीचा रॅक मात्र लगेच भंगारात देऊ नये; नव्यात अडचण आली तर परतता यायला हवं.