मोनेच्या जेवणघरातील चित्रे

नवे बिऱ्हाड थाटले की दिवाणखान्याच्या रिकाम्या भिंतीचा प्रश्न निघतो, आणि बरेचदा क्लोद मोनेच्या कमळतळ्याचे छापील चित्र चौकटीत बसून घरी येते. मग एखादा रसिक पाहुणा नाक मुरडतो, "छापीलच ना?" यजमान ओशाळतात.

ओशाळायचे कशाला? हे तळे करण्यासाठी मोनेने १८९३ साली फ्रान्समधील जिव्हर्नी गावी, आपल्या बागेपलीकडे जमीन घेतली. त्याच गावच्या घरात, जेवणघराच्या पिवळ्या भिंतींवर, त्याने स्वतः छापील चित्रेच टांगली होती! होकुसाई, हिरोशिगे अशा जपानी चित्रकारांची दोनशेहून अधिक चित्रे त्याच्या संग्रही होती. आपल्याकडे तरी १८९४ साली मुंबईत निघालेल्या राजा रविवर्म्याच्या छापखान्यानेच लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचवल्या ना?

एक फरक मात्र खरा. ती जपानी चित्रे लाकडी ठशांवरून छापण्यासाठीच काढलेली, मोनेची तैलरंगातली. त्याच्या रंगांचे जाड थर कागदावर सपाट होतात, त्याला इलाज नाही. आकाराला आहे. पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयातील त्याचे कमळपट २ मीटर उंच, आणि आठांची मिळून लांबी ९० मीटरांवर! ते दीड फुटात कोंबले की उरतो नुसता निळसर धूर. त्यापेक्षा लंडनच्या नॅशनल गॅलरीतील १८९९ चे, जपानी धाटणीच्या पुलाचे चित्र निवडावे. मूळचेच जेमतेम ३ फूट लांबरुंद. आपल्या भिंतीवर ते पूर्ण मापात मावते.

फक्त खिडकीसमोर टांगू नये. उन्हाने छपाईचे रंग विटतात. शिवाय काचेत कमळांऐवजी शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे दिसू लागतात.