खिडकीतलं तेल

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांकडे सरकला की घरात जे नासेल त्याचं खापर तापमानावर फुटतं. तेल खवट झालं तरी तेच. मला ते पटेना. लाकडी घाण्यावरचं शेंगदाणा तेल आणलं, गाळ बसू दिला आणि वरचं निथळ तेल दोन सारख्या काचेच्या बाटल्यांत भरलं. एकीला काळा कागद गुंडाळला, दुसरी तशीच. दोघी एकाच खिडकीत. काळी बाटली दुपारी हाताला जास्तच कढत लागायची.

तीन आठवड्यांनी बुचं उघडली. कागदातल्या तेलाला अजून दाण्याचा वास होता. उघडी बाटली मात्र फिकट पडली होती, आणि नाकाशी नेताच जुन्या तळलेल्या कुरडयांच्या डब्यासारखा भपका आला.

हवेतला साधा ऑक्सिजन तेलाशी सहज भांडत नाही. त्याच्या दोन इलेक्ट्रॉनांची मांडणी आड येते. पण तेलात अंशमात्र हरितद्रव्य असतं. ते उजेड पितं आणि ती ऊर्जा ऑक्सिजनला देतं. असा चेतलेला 'सिंग्लेट' ऑक्सिजन तेलातल्या लिनोलिक आम्लावर साध्यापेक्षा हजारपटीहून जास्त वेगाने तुटून पडतो. भोवती कोणी नसेल तर त्याला शांत व्हायला तासाहून अधिक लागतो. पाण्यात मात्र काही मायक्रोसेकंदांतच तो आपली ऊर्जा शेजारच्या रेणूंना देऊन टाकतो. तेलावरच्या या हल्ल्यात २० अंश काय नि ४५ काय, फार फरक पडत नाही. लागणारी ऊर्जा त्याने उजेडाकडून आधीच घेतलेली असते. तेलातली पिवळी रंगद्रव्यं त्याला शांत करतात, पण त्या झटापटीत स्वतः खर्ची पडतात. माझी बाटली फिकट झाली ती बहुधा अशीच.

हिवाळ्यात धुळ्याला मावशीकडे हाच खेळ मांडला. पहाटे काच गार पडायची. तरी उघडी बाटली खवटलीच, जरा उशिरा.

रिफायनरीत तेल विरंजक मातीतून काढतात. त्यात रंगाबरोबर बरंचसं हरितद्रव्यही जातं. एवढं करून तेच तेल पारदर्शक बाटलीत भरून दुकानाच्या दर्शनी फळीवर मांडतात, हे मला अजब वाटतं.

मावशीचं तेल पत्र्याच्या डब्यात असतं. बाटलीच वापरायची तर ती कपाटात ठेवा. शेगडीपासूनही लांब ठेवा, कारण साध्या ऑक्सिजनला उष्णता लागतेच.