कसारा घाटात गाडीला मागून इंजिन का लावतात? चला, डायनॅमिक्सचं गणित सोडवून पाहू



फर्स्ट इयर इंजिनिअरिंगला असाल, तर मेकॅनिक्समधला डायनॅमिक्सचा भाग किती घाम फोडतो हे मी वेगळं सांगायला नको. हल्ली बरेच जण गणिताचा फोटो काढून ॲपला देतात आणि आलेलं उत्तर वहीत उतरवतात. उत्तर बरोबर येतंही. पण पेपरात तेच गणित थोडं फिरवून आलं की पेन थांबतो, कारण सूत्र कुठून आलं हेच माहीत नसतं. म्हणून आज मी पुस्तकातला ठोकळा बाजूला ठेवतोय आणि आपल्या नाशिककरांच्या ओळखीची गोष्ट घेतोय.

मुंबईहून नाशिकला येताना गाडी कसाऱ्याला थांबते. मागे बँकर इंजिनं जोडली जातात, ती गाडीला इगतपुरीपर्यंत ढकलतात आणि तिथे सुटतात. हा थळ घाटाचा मार्ग, १८६५ साली सुरू झालेला. चढ आहे ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. डोळ्यांना हा चढ जेमतेम दिसतो, कोन फक्त दीड अंशाच्या आसपास. मग एवढ्याशा चढाला एक इंजिन का पुरत नाही?

सूत्र शोधू नका, आधी चित्र काढा. फ्री बॉडी डायग्राम म्हणजे काय, तर एक वस्तू बाकी जगापासून सुटी करायची आणि तिच्यावर बाहेरून कोण कोण ओढतंय, ढकलतंय ते बाणांनी दाखवायचं. आपली वस्तू म्हणजे अख्खी गाडी. समजा डबे, प्रवासी आणि १२३ टनांचं डब्ल्यूएपी-७ इंजिन मिळून १३०० टन.

रुळाच्या दिशेने कोणती बलं आहेत? पहिलं, वजनाचा उताराकडे खेचणारा भाग. एम जी साइन थिटा. इथे साइन थिटा जवळजवळ १/३७, म्हणून १३०० × ९.८१ ÷ ३७ = साधारण ३४५ किलोन्यूटन. दुसरं, चाकं-बेअरिंग-हवा यांचा अडथळा. तो आपण टनाला ४० न्यूटन धरू, म्हणजे ५२ किलोन्यूटन. दोन्ही मागे खेचतात. बेरीज ३९७.

आणि पुढे कोण नेतं? इथे बहुतेक जण लिहितात, "इंजिनाचं बल". पण फ्री बॉडी डायग्राममध्ये बाहेरचीच बलं चालतात. इंजिनाची मोटर तर गाडीच्या आतच आहे! चाक रुळाला मागे ढकलतं आणि रूळ चाकाला पुढे ढकलतो. हे घर्षण आहे, आणि त्याचा बाण पुढे आहे. घर्षण नेहमी गतीच्या उलट असतं असं पाठ केलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. घर्षण विरोध करतं ते घसरण्याला.

आता या घर्षणाला मर्यादा आहे: म्यू गुणिले नॉर्मल रिॲक्शन. पुढे ढकलणारं घर्षण फक्त मोटर लावलेल्या चाकांखाली मिळतं, म्हणून इथे १३०० टन नाही, तर इंजिनाचे १२३ टनच मोजायचे. १२३ × ९.८१ = १२०७ किलोन्यूटन. कोरड्या रुळावर म्यू ०.२७ धरला तर जास्तीत जास्त ३२६ किलोन्यूटन.

हवेत ३९७, मिळतात ३२६. गाडी चढणार नाही. मोटर कितीही ताकदीची लावा, चाकं जागेवर फिरतील.

एक बँकर जोडला, तोही १२३ टनांचा, तर? एकूण वस्तुमान १४२३ टन. मागे खेचणारी बलं ३७७ + ५७ = ४३४. पुढे ३२६ × २ = ६५२. उरले २१८ किलोन्यूटन. आता कुठे न्यूटनचा दुसरा नियम: २१८ ÷ १४२३ = ०.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग. गाडी चालली की!

मग बहुतेक वेळा दोन बँकर का दिसतात? इगतपुरीचा पाऊस आठवा. ओल्या रुळावर म्यू समजा ०.१५ वर आला. एका इंजिनाला मिळतात फक्त १८१. एकच बँकर असेल तर दोघांचे मिळून ३६२, आणि हवेत ४३४. म्हणजे गाडी घाटात अडकली. दोन बँकर असतील तर वस्तुमान १५४६ टन, मागे खेचणारं बल ४७२, आणि तीन इंजिनांचे ५४३. ७१ किलोन्यूटन उरतात. त्वरण जेमतेम ०.०५, पण गाडी निघते. (म्यू आणि अडथळ्याचे आकडे मी गणितापुरते धरलेत, तुम्ही बदलून पाहा.)

बँकर मागेच का? आता फक्त डबे सुटे करा, १२०० टनांच्या आतबाहेर. सगळी इंजिनं पुढे लावली तर एकसमान वेगातही पहिल्या कपलिंगवर साधारण ३६६ किलोन्यूटनचा ताण येतो. मागून ढकललं की तो वाटला जातो. २०१९ मध्ये मुंबई-दिल्ली मार्गावर नाशिकमार्गे सुरू झालेल्या राजधानीला दोन्ही टोकांना इंजिनं लावली, त्यामुळे बँकर जोडण्या-सोडण्याचा वेळ वाचला. शिर्डीची वंदे भारत तर बँकरशिवाय चढते. तिच्या निम्म्या ॲक्सलना मोटर आहे, म्हणजे साधारण निम्मं वजन घर्षणाच्या कामाला येतं. समीकरण मांडून बघा, वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं आणि उरतं: त्वरण = ९.८१ × (म्यू/२ − १/३७), वजा किरकोळ अडथळा. म्यू ०.१५ असतानाही ०.४ च्या वर उत्तर येतं. मला हे समीकरण फार आवडतं. डब्यांची संख्या, प्रवाशांची गर्दी, काहीच त्यात नाही.

आता मोबाईलकडे येऊ. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं. ते फोनमधल्या ॲक्सिलरोमीटरचे आकडे थेट दाखवतं. घाटात फोन डब्यातल्या टेबलवर सपाट, लांबी गाडीच्या दिशेने ठेवा. धक्क्यांमुळे आकडे नाचतील, म्हणून अर्ध्या मिनिटाची सरासरी घ्या. गाडी एकसमान वेगात असली तरी त्या दिशेला ०.२६५ च्या आसपास आकडा दिसायला हवा. त्वरण शून्य, मग हे काय? हा सेन्सर नुसतं त्वरण मोजत नाही, त्यात ९.८१ साइन थिटा मिसळलेला असतो. म्हणूनच टेबलवर पडलेला फोनही उभ्या दिशेला ९.८ दाखवतो.

आणि गाडी चढावर ०.१५ ने वेग घेत असेल तर फोन ०.४२ दाखवेल, कोन मोजणारं ॲप दीडऐवजी जवळजवळ अडीच अंश सांगेल. डी'अलेम्बर्टचं आभासी बल पुस्तकात समजलं नसेल तर इथे पाहा: फोनला चढ आणि त्वरण यातला फरक कळतच नाही. खिडकीबाहेरचे खांब मोजून वेग वाढतोय का ते तुम्हालाच ठरवावं लागतं.