सोसायटीच्या खोलीत दुरुस्तीचं टेबल



मागच्या हंगामात आपल्या एका सभासद भावाची डोक्यावरची बॅटरी ऐन जाळं ओढताना बंद पडली. मध्यरात्र, डोंग्यात दोघंच, आजूबाजूले पाण्यात बुडालेल्या झाडांचे खुंट. चाचपडत काठाले लागेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला. सकाळी बॅटरी उघडली तर आत फक्त एक तार सुटली होती. काम दोन मिनिटांचं, पण ते करायची सोय आपल्या मोहगावात नाही. म्हणून सोसायटीच्या खोलीत सगळ्यांसाठी दुरुस्तीचं एक टेबल मांडायचं, असं आम्ही ठरवलं आहे.

खेड्यात हे जमते का, असं काहींनी विचारलं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावात डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. पुढं २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं तिथं फॅब लॅब उभी झाली. आपल्याले एवढं मोठं नको, पण सुरुवात नीट पाहिजे. खर्चाचा क्रम आम्ही असा लावला आहे.

१. सुरक्षा. टेबल खिडकीजवळ, ओल्या जाळ्यांपासून दूर. लाकडी फळीवर रबरी मॅट. बोर्डाले अर्थिंग, आणि करंट गळला की लगेच बंद पडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच. आपले हात नेहमी ओले, म्हणून पहिला पैसा इथंच.

२. मोजमाप. एक चांगला मल्टीमीटर. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी साधारण १२.७ दाखवते. १०.५ पर्यंत उतरू दिली तर तिचं आयुष्य कमी होते. टॉर्चमधला लिथियम सेल ४.२ व्होल्टले भरतो. फुगलेला सेल टेबलावर आणूच नका, चार्ज तर अजिबात करू नका.

३. सिरीज बोर्ड. चार्जर आधी १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बातून लावायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि वस्तू जळत नाही.

४. जोडकाम. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्डरची तार, फ्लक्स, चिमटा, पेचकसांचा सेट, भिंग. सोल्डरमध्ये शिसं असते. हात साबणानं धुतल्याबिगर खर्रा नाही, जेवण नाही. लहान लेकरं दूरच.

वजनकाट्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. त्याची बॅटरी, चार्जर, तार तपासू. पण नापतौल विभागाचं सील टेबलावर तुटणार नाही. ते काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याचंच. काटा खरा असला तरच भाव खरा, आणि आपल्या काट्यावर कोणी बोट ठेवू नये.

सामायिक वस्तू मोडते ती वापरानं कमी, बेवारशीपणानं जास्त. म्हणून चावी एकाकडं, रजिस्टर टेबलावर. कोण आलं, काय उघडलं, कोणतं सामान लागलं, लिहूनच जायचं. अवजार घरी न्यायचं नाही, अध्यक्षांनीही नाही आणि सचिवांनीही नाही.

घरात बंद पडलेले टॉर्च, चार्जर, रेडिओ भंगारात देऊ नका, त्यातले सुटे भाग कामी येतील. आयटीआय शिकलेल्या पोरापोरींनी नावं द्यावी. पुढच्या बैठकीत टेबलाची जागा आणि चावी कोणाकडं, हे दोन्ही सगळ्यांसमोर ठरवू. नक्की या.