‘महाराष्ट्र’ या शब्दात अक्षरं किती?

प्रोग्रामिंगची भाषा, ब्राउझर किंवा मोबाइलची प्रणाली, कशाचीही नवी आवृत्ती आली की पहिल्या दोन-चार दिवसांतच डेव्हलपर मंडळी आपली मतं मांडू लागतात. वेग वाढला का, जुना कोड चालतो का, नवीन काय दिलंय, याच प्रश्नांभोवती हा सारा ऊहापोह फिरतो. इतक्या घाईनं दिलेल्या मताला किंमत किती द्यायची, हा वाद जुनाच आहे. माझ्या मते पहिल्या दिवसाचं मतही मोलाचं असतं, पण ते देणाऱ्यानं स्वतःच्या रोजच्या कामाचा मजकूर त्या आवृत्तीत घालून पाहिलेला हवा. शितावरून भाताची परीक्षा जरूर करावी, फक्त शीत आपल्याच पातेल्यातलं असावं. इंदूरसारख्या शहरात, जिथे दुकानाच्या पाटीपासून बँकेच्या संदेशापर्यंत हिंदी चालते आणि कितीतरी घरांत मराठी बोलली जाते, तिथे हा मजकूर देवनागरीतला असायला हवा.

इंदूरला देवनागरीचा हा प्रश्न नवीन नाही. आज सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिसची संकुलं उभी आहेत, पण त्याच्या कितीतरी आधी, १९९९ मध्ये, याच शहरातून ‘वेबदुनिया’ हे हिंदी पोर्टल सुरू झालं आणि पुढे मराठीतही आलं. त्या काळी सर्रास वापरात असलेल्या विंडोज ९८ ला युनिकोडमधली, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीतली, देवनागरी नीट दाखवता येत नसे. प्रत्येक संकेतस्थळाचा फाँट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हं. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय प्रणालीतच होती. इंग्रजीत काम करणाऱ्याला हा बदल जाणवलाही नसेल. देवनागरीत मजकूर देणाऱ्यासाठी मात्र त्या आवृत्तीत याहून मोठं काही नव्हतं.

एक शब्द जवळून पाहू. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अक्षरं किती? शाळेतलं मूल सांगेल, चार: म, हा, रा, ष्ट्र. प्रोग्रामिंगच्या पायथॉन २ या भाषेत हाच शब्द साध्या पद्धतीनं लिहून लांबी विचारली तर युटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत उत्तर येई ३०, कारण ती भाषा बाइट मोजत असे आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ३ डिसेंबर २००८ ला आलेलं पायथॉन ३ सांगतं १०; ते व्यंजनं, काने आणि हलन्त सुटे मोजतं. वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटतं ते मोजण्याचे नियम युनिकोडनं वेगळे ठरवलेले आहेत. त्या नियमांनी अनेक वर्षं उत्तर येत होतं सहा, कारण ‘ष्ट्र’चे तीन तुकडे पडत. सप्टेंबर २०२३ मधल्या युनिकोड १५.१ मध्ये नियम बदलला, देवनागरीची जोडाक्षरं अखंड धरली गेली आणि उत्तर चारावर आलं. म्हणजे कोडची एक ओळही न बदलता, केवळ खालची आवृत्ती बदलल्यानं, त्याच शब्दाची मोजणी बदलू शकते. फॉर्ममधली नावाची मर्यादा, कर्सर कुठे थांबतो, लांबलचक मथळा कुठे कापला जातो, हे सगळं या मोजणीवर ठरतं. मोजणी चुकीच्या जागी पडली की अर्ध्यात तुटलेलं जोडाक्षर किंवा प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन वाचकाच्या पदरी पडतो.

पहिल्या दिवसाच्या मताला मोल देण्यावर पहिला आक्षेप असा की सुरुवातीची मतं उतावीळ असतात. त्यासाठी पायथॉन ३ चाच दाखला देता येतो. आल्या आल्या त्याच्यावर टीका झाली: जुना कोड मोडतो, हाताशी असलेल्या लायब्ररी चालत नाहीत, फाइल वाचणं-लिहिणं मंद झालंय. तरी शेवटी तेच टिकलं आणि पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. पण त्या टीकेतली एकेक गोष्ट तपासली तर ती खरीच होती. मंद झालेला भाग जून २००९ च्या ३.१ मध्ये सी भाषेत नव्यानं लिहावा लागला. चुकले ते त्या त्रुटींवरून आवृत्तीचं भवितव्य सांगू पाहणारे. दोष पहिल्या दिवशी दिसतो, योग्यता कळायला वर्षं जातात. परीक्षकानं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, एवढंच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एवढ्या मोठ्या कंपन्या चाचण्या करतातच, मग इंदूरच्या एखाद्या डेव्हलपरनं डोकं का शिणवावं? फेब्रुवारी २०१८ मध्ये आयफोनवर तेलुगूतलं एक जोडाक्षर संदेशातून आलं की ॲप बंद पडू लागलं. ॲपलला आयओएस ११.२.६ काढून ते निस्तरावं लागलं. तेलुगू ही कोट्यवधी लोकांची भाषा आहे, तरी ते अक्षर चाचणीतून निसटलं. मराठीची अडचण तर आणखी बारीक आहे, कारण हिंदी नीट दिसली म्हणजे मराठीही दिसेल असं गृहीत धरलं जातं. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ च्या ५.१ आवृत्तीत. तोवर लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत. दोन्ही दिसायला सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे. त्यामुळे शोधताना एका तऱ्हेनं लिहिलेलं ‘ॲप’ दुसऱ्या तऱ्हेनं सापडत नाही. ‘दऱ्या’ लिहिताना काही कीबोर्ड न दिसणारी जोडखूण वापरतात. मजकूर स्वच्छ करण्याच्या नावाखाली सॉफ्टवेअरनं ती खूण काढली की डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो. हे हिंदीच्या चाचणीत सापडणारच नाही. दोन्ही भाषा जाणणारा माणूस मात्र ते लगेच ओळखेल, आणि अशी माणसं इंदूरच्या कार्यालयांत मुबलक आहेत. हे काम त्यांनी करावं असं मला फार मनापासून वाटतं.

मग नवी आवृत्ती घ्यायलाच उशीर करावा का? नाही. जुनीला चिकटून राहिलं तर सुरक्षेची भोकं उघडी राहतात. उपाय आधी पाहण्यात आहे. पायथॉनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरमध्ये येते आणि तिची बीटा, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती, साधारण मे महिन्यापासून सर्वांना खुली असते. आयफोनच्या प्रणालीची बीटा जूनमध्ये निघते आणि पक्की आवृत्ती सप्टेंबरमध्ये. ‘महाराष्ट्र’, ‘दऱ्या’, ‘ॲप’, ‘बाळकृष्ण’ असे पंधरा-वीस शब्द एका फाइलीत ठेवावेत. ते टाइप करावेत, शोधावेत, मधूनच कापावेत, मागून एकेक अक्षर खोडावं, आणि जे बिघडेल त्याचा पडद्यावरचा फोटो आवृत्तीच्या क्रमांकासह निर्मात्यांकडे धाडावा. मे-जूनमध्ये पोचलेली तक्रार पक्क्या आवृत्तीच्या आधी निकालात निघू शकते. नोव्हेंबरमध्ये पाठवली तर पुढच्या दुरुस्तीची वाट पाहावी लागते, आणि तोवर तो बिघाड सगळ्यांच्या फोनवर पोचलेला असतो.