मार्गासनीचा फाटा : दोन गड, एक दिवस

नसरापूरहून वेल्ह्याकडे निघालेला रस्ता मार्गासनीला येऊन दुभागतो. डावीकडची वाट साखर गावावरून गुंजवण्याला, म्हणजे राजगडाच्या पायथ्याशी जाते. सरळ जाणारी वाट वेल्ह्याला, म्हणजे तोरण्याच्या पायथ्याशी पोहोचते. पुण्यापासून हे अंतर साधारण साठ किलोमीटर. गाडीतून येणाऱ्या बहुतेकांना मार्गासनी हे केवळ ‘कुठे वळायचे’ एवढ्यापुरते ठाऊक असते. वास्तविक या दोन गडांचे मर्म समजून घ्यायला याहून सोयीची जागा नाही. नावाची व्युत्पत्ती काहीही असो, त्यातला ‘मार्ग’ हा शब्द मात्र अगदी यथार्थ आहे. गड आधी बांधला गेला आणि मग त्याला वाट मिळाली, असे क्वचितच घडते. आधी वाट असते. वाटेवर माल आणि माणसे असतात. आणि त्या वाटेवर ज्याला अंमल हवा, तो डोंगरावर गड बांधतो.

व्यापारी घराण्यांतील मंडळींना हे फार फोड करून सांगावे लागू नये. घाटमाथा आणि कोकण यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. कोकणातून मीठ, नारळ आणि बंदरात उतरलेला माल वर यायचा. देशावरून धान्य, गूळ, तूप खाली जायचे. हे सारे बैलांच्या पाठीवरून, ठरावीक घाटवाटांनी. वेल्ह्याच्या पलीकडे केळदजवळचा मढे घाट ही अशीच एक वाट. सिंहगडावर 1670 साली धारातीर्थी पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटाने कोकणातल्या उमरठला नेला, अशी परंपरा आहे. घाटाच्या तोंडाशी ज्याचा गड, त्याच्या हाती जकात. आणि जकात घेणाऱ्यावर मालाच्या रक्षणाची जबाबदारी. आजच्या भाषेत विम्याचा हप्ता म्हणावा तसा हा व्यवहार होता. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरील पट्टीतून परस्पर रक्कम वळती होते, तेव्हा त्याच जुन्या प्रथेचे नवे रूप आपण अनुभवत असतो. फरक इतकाच, की रांगेत उभे राहावे लागले तरी लुटारूंचे भय नसते.

हेच सूत्र जगाच्या दुसऱ्या टोकालाही दिसते. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेस, इटालियन भाषा बोलणाऱ्या तिचिनो प्रांतात बेलिंझोना नावाचे जुने शहर आहे. आल्प्स ओलांडणाऱ्या गोथार्ड, सान बेर्नार्दिनो आणि लुकमानियर या खिंडींच्या वाटा याच्या जवळपास एकत्र येतात आणि दरी तिथे अगदी अरुंद होते. त्या अरुंद जागी कास्तेलग्रांदे, मोंतेबेल्लो आणि सास्सो कोर्बारो असे तीन किल्ले आहेत, आणि दरी आडवी बंद करणारी लांबच लांब तटबंदी आहे. मिलानच्या ड्यूकांनी पंधराव्या शतकात ही तटबंदी भक्कम केली. 1478 साली जोर्निकोच्या लढाईत स्विस सैन्याकडून हार पत्करावी लागल्यावर सास्सो कोर्बारो हा तिसरा किल्ला त्यांनी 1479 मध्ये अवघ्या काही महिन्यांत उभा केला. पुढे 1500च्या सुमारास हे शहर स्विस संघाकडे गेले. 2000 साली युनेस्कोने या किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. गेल्या काही वर्षांत आपल्याकडील अनेक कुटुंबे जैन भोजनाची सोय असलेल्या सहलींतून स्वित्झर्लंडला जाऊन येतात. बर्फाची शिखरे सर्वांनाच पाहायची असतात. पण दलालीचे, अडतीचे, वाहतुकीचे गणित ज्यांच्या रक्तात आहे, त्यांनी बेलिंझोनाही अवश्य पाहावे.

आणि मार्गासनी त्याच्याही आधी पाहावे. राजगड आणि तोरणा हे मावळातले एकमेकांचे शेजारी. राजगड गुंजण मावळात, तोरणा कानद खोऱ्यात. दोहोंना जोडणारी डोंगराची एक लांब सोंड आहे. समुद्रसपाटीपासून 1403 मीटर उंचीचा तोरणा हा पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच गड. शिवाजी महाराजांनी तो 1646च्या सुमारास घेतला, तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा-सतरा. गडाचा अफाट विस्तार पाहून त्यास प्रचंडगड हे नाव मिळाले. डागडुजी करताना तिथे धन सापडले आणि ते शेजारच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर नवा गड बांधण्याच्या कामी लावले, असे परंपरा सांगते. तो नवा गड म्हणजे राजगड. हाती आलेले पहिले भांडवल उपभोगात न घालवता टिकाऊ मालमत्तेत गुंतवण्याचे याहून ठळक उदाहरण मराठी इतिहासात शोधावे लागेल.

राजगड सुमारे पंचवीस वर्षे स्वराज्याची राजधानी होता. सईबाईसाहेबांचे निधन 1659 साली येथेच झाले. त्यांची समाधी पद्मावती माचीवर आहे. 1665च्या पुरंदर तहात 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले, 12 राखता आले. राजगड आणि तोरणा त्या राखलेल्या बारांतले. 1666 साली आग्र्याहून निसटलेले महाराज परतले ते राजगडावरच. राजाराम महाराजांचा जन्म 1670 साली येथे झाला. त्यानंतर राजधानी रायगडावर गेली. 1704 मध्ये औरंगजेबाने आधी राजगड आणि पाठोपाठ तोरणा घेतला. पण थोड्याच वर्षांत हे गड पुन्हा मराठ्यांकडे आले.

या राज्यकर्त्यांना बाजारपेठेचे भान किती होते, याचा एक पुरावा आवर्जून नोंदवण्यासारखा आहे. 1671 साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदारास पत्र पाठवून, पोर्तुगीज मुलखातून, बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवण्यास सांगितले. बाहेरचे मीठ स्वस्त पडले तर संगमेश्वराकडच्या स्थानिक मिठाला गिऱ्हाईक उरणार नाही, हा त्यामागचा विचार. आज ज्याला आयात शुल्काचे संरक्षण म्हणतात, ते साडेतीनशे वर्षांपूर्वी एका पत्रात स्पष्ट मांडलेले आहे. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडकोटांना जसे स्वतंत्र प्रकरण आहे, तसेच साहुकारांनाही आहे. व्यापाऱ्याला पेठेत मानाने वसवावे, त्याला उपद्रव होऊ देऊ नये, परमुलखातल्या व्यापाऱ्यांनाही आणावे, असा त्याचा आशय. गड आणि पेढी एकाच राज्याच्या दोन बाजू आहेत, हे त्या ग्रंथकाराला पुरते उमगले होते.

आता प्रत्यक्ष दिवसाकडे वळावे. सहकुटुंब जायचे तर दोन्ही गड एका दिवसात करण्याचा हट्ट धरू नये, राजगड निवडावा. चातुर्मासात जाणे अर्थातच नको. पावसात वाटा निसरड्या होतात आणि पायाखाली असंख्य जीव असतात. दिवाळीनंतर माघापर्यंतचा काळ उत्तम. पुण्याहून सहाच्या सुमारास निघाल्यास नवकारशीच्या वेळेपर्यंत गुंजवण्यात पोहोचता येते. तिथे न्याहारी उरकून चढाईला लागावे. चोर दरवाजाची वाट दोन-अडीच तासांची, शेवटचा टप्पा खडा आणि कातळाचा. रेलिंग असले तरी लहान मुलांचा हात सोडू नये. ज्यांना हे अवघड वाटते, त्यांनी पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट धरावी; मात्र तिचा पायथा वेगळ्या गावाला, वाजेघर-पालच्या बाजूला आहे, हे निघण्यापूर्वीच ठरवायला हवे.

वर पोहोचल्यावर पद्मावती माचीवरील तलाव, देवीचे मंदिर, समाधी आणि तिथून दिसणारा बालेकिल्ला एवढे पाहिले तरी पुष्कळ. अंगात बळ असेल त्यांनी संजीवनी माचीच्या टोकापर्यंत जावे. सुमारे अडीच किलोमीटर लांबीची ही माची म्हणजे दुहेरी तटबंदीचा अजोड नमुना आहे. दोन तटांमधून एकच माणूस जेमतेम चालू शकतो. बाहेरचा तट पडला तरी शत्रू त्या चिंचोळ्या पन्हळीत अडकावा, ही योजना. ही माची पाहून आलेल्या मुलाला सह्याद्रीतले दुर्गशास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. कड्यांवर आग्या मोहोळाची पोळी असतात. तेव्हा उग्र अत्तर, धूर आणि आरडाओरडा कटाक्षाने टाळावा. यात जीवदया आहे आणि स्वतःची सुरक्षितताही.

प्रश्न उरतो तो घरातल्या वडीलधाऱ्यांचा. आपल्या कुटुंबांत सहल म्हटली की तीन पिढ्या निघतात, आणि सत्तरीतल्या आजींना गुडघ्यांमुळे गाडीत बसून राहावे लागते. बेलिंझोनात कास्तेलग्रांदेच्या कातळाच्या पोटातून लिफ्ट नेलेली आहे. शहरातल्या चौकातून आत शिरावे आणि थेट किल्ल्यात निघावे. बाहेरून पाहणाऱ्याला त्या लिफ्टची खूणही दिसत नाही. राजगडावर रोपवे असावा की नसावा, यावर आपल्याकडे वाद आहे. गडप्रेमींना भीती वाटते ती गर्दीची आणि गडाच्या रूपाला बाध येण्याची, आणि ती भीती अनाठायी नाही. कास्तेलग्रांदे शहराच्या मधोमध, बेताच्या उंचीच्या खडकावर आहे. राजगड चहूबाजूंनी तुटलेला, उघडा डोंगर. तिथे दोर आणि खांब लपणार कसे? आजींसाठी वेगळा मार्ग आहे आणि तो खालच्या रस्त्याचाच आहे. तरुण मंडळी वर गेली की वडीलधाऱ्यांनी गाडी मार्गासनीला परत आणावी आणि वेल्ह्याच्या दिशेने सावकाश जावे. या रस्त्यावरून हवा स्वच्छ असेल तर एकीकडे राजगडाचा बालेकिल्ला आणि दुसरीकडे तोरण्याचा अवाढव्य देह दिसतो. कोणती वाट कुठल्या गडाच्या नजरेखाली आहे, हे खालूनच नीट कळते. वर गेलेल्यांना ते अनेकदा कळत नाही. ज्यांना एवढाही प्रवास नको, त्यांच्यासाठी नसरापूरजवळचे बनेश्वर आहे. पेशवेकालीन मंदिर, कुंडे, गर्द झाडी आणि बसायला निवांत जागा.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत महाराष्ट्रातले 11 आणि तमिळनाडूतला जिंजी. राजगड त्या बारांत आहे. तोरणा नाही, याचे अनेकांना वाईट वाटते. वेल्हे तालुक्याचे नावही आता राजगड तालुका झाले आहे. मानपत्र मिळाले, नाव मिळाले. पण पायथ्याच्या गावाला काय मिळाले, हा हिशेब अजून मांडायचा आहे. बेलिंझोनात शनिवारी जुन्या शहरात बाजार भरतो आणि किल्ले पाहायला आलेला पाहुणा तिथे चार पैसे खर्चूनच परततो. आपल्या कुटुंबांचा रिवाज उलटा. खाखरे, थेपले, सुकी भाजी, उकळलेले पाणी, अगदी कागदी ताटल्यासुद्धा घरून येतात. गावात उरतो तो फक्त कचरा. आहाराचे नियम पाळायचे म्हणून हे अपरिहार्य आहे, असे मानण्याचे कारण नाही. गुंजवण्यात आणि वेल्ह्यात घरगुती जेवण मिळते. आदल्या दिवशी दूरध्वनी करून कांदा, लसूण, बटाटा नको असे सांगितले तर तांदळाची भाकरी, वरण, भात, ताक असे स्वच्छ जेवण करून देणारी घरे सापडतात. ठरलेल्या रकमेत घासाघीस करू नये. घाऊक बाजारातली सवय इथे शोभत नाही. हा भाताचा मुलूख आहे. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी तांदूळ थेट शेतकऱ्याच्या घरून पाच-दहा किलो घेतला, तर त्याच्या हाती पुण्याच्या बाजारापेक्षा चार पैसे अधिक पडतात आणि आपल्या घरी महिनाभर भाताला वास येतो. नाचणीही मिळते. ज्यांचे किराण्याचे किंवा धान्याचे दुकान आहे, त्यांनी एखाद्या गावाशी हंगामाचा कायमचा सौदा ठरवण्याचा विचारही करावा. पूर्वी पेठ वसवायला राज्यकर्ता लागे. आता दोन-चार दुकानदार मनावर घेतील तरी पुरे.

गडावरून एकच्या सुमारास उतरायला लागावे, म्हणजे तीनपर्यंत सर्वजण खाली येतात. हिवाळ्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी घरी पोहोचून जेवण्याच्या भरवशावर राहू नये. पाच वाजेपर्यंत बनेश्वरच्या झाडीत डबे उघडावेत, पाणी पिऊन घ्यावे आणि मगच महामार्गाला लागावे. रविवारी संध्याकाळी चेलाडी फाट्यापासून कात्रजपर्यंत गाड्यांची रांग असते. कात्रजच्या आगम मंदिराचे दर्शन घ्यायचे असेल, तर ते सकाळी नव्हे, याच परतीच्या वाटेवर ठेवावे.