खंड, अंक, पान आणि एक गोगलगाय

समाजशास्त्राच्या निबंधात वाक्य संपता संपता एक कंस येतो. आत लेखकाचं आडनाव आणि साल. या कंसाचा माग काढत गेलं की गाठ पडते एका गोगलगाईशी! हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये बिनशंखाच्या गोगलगाईवर लांबलचक निबंध लिहिला. नाव-साल कंसात देण्याचं सुरुवातीचं उदाहरण म्हणून त्याच निबंधाकडे बोट दाखवतात, आणि ‘हार्वर्ड पद्धत’ हे नावही तिथूनच आलं असं सांगतात.

आता दुसरे मार्क. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर. जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीची माणसंच नोकरीची बातमी आणतात, हे त्यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं. अमेरिकन सोशिऑलॉजिकल असोसिएशनच्या पद्धतीने त्यांचा संदर्भ मजकुरात असा येतो: (ग्रॅनोव्हेटर १९७३:१३६०). कोलननंतर लगेच पान, मधे जागा सोडायची नाही. संदर्भसूचीत लेखाचं शीर्षक अवतरणात, ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’ हे जर्नलचं नाव तिरक्या अक्षरात आणि पुढे ७८(६):१३६०–८०. म्हणजे खंड ७८, अंक ६ आणि शेवटचं पान १३८०. पुन्हा येणारे आकडे गाळायचे. हाच निबंध आधी दुसऱ्या एका मोठ्या जर्नलने साभार परत केला होता. आज तो समाजशास्त्रात सर्वाधिक उद्‌धृत होणाऱ्या निबंधांपैकी एक आहे.

माझा सगळ्यात आवडता संदर्भ मात्र बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. भारतातील जातींवरचा निबंध त्यांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये वाचला. तो छापून आला मे १९१७ मध्ये, मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त. कंसात साल कुठलं? छापल्याचं, १९१७. इथवर बहुतेक जण बरोबर येतात. घोळ होतो खंडात. कितीतरी ठिकाणी ‘एक्सएलआय’, म्हणजे ४१ वा खंड, असं छापलेलं आढळतं. जरा बोटांवर हिशेब करा. मासिकाचा पहिला खंड १८७२ चा, पुढे वर्षाला एक. मग १९१७ चा खंड येतो ४६ वा, रोमन आकड्यात ‘एक्सएलव्हीआय’. बहुधा कुणाच्या तरी हातून मधला ‘व्ही’ गळाला आणि पुढच्यांनी मूळ अंक न उघडता तेच उतरवलं. ४१ वा खंड १९१२ चा. बाबासाहेब कोलंबियाला गेलेच १९१३ मध्ये! त्या खंडाची पानं उलटत बसलेल्या विद्यार्थ्याला हा निबंध सापडणार कसा? म्हणून माझा आग्रह असतो की संदर्भ उतरवू नका, अंक उघडा.

न उघडता उतरवण्याची कमाल पाहायची असेल तर हे घ्या: संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला एका बड्या प्रकाशन संस्थेने एक नमुना लेख कल्पून दिला होता. तो लेख अस्तित्वातच नाही. तरीही शेकडो निबंधांच्या सूचीत तो जाऊन बसला आहे.

आणि संदर्भातून मिळणारं श्रेय? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये ‘मॅथ्यू इफेक्ट’ मांडला: काम दोघांचं असलं तरी नाव होतं ते आधीच नावाजलेल्याचं. निबंधाचा आधार होत्या हॅरिएट झुकरमन यांनी घेतलेल्या मुलाखती, पण छापून आलं एकट्या मर्टन यांचं नाव. निबंधावर दोघांचं नाव हवं होतं, हे पुढे मर्टन यांनी स्वतःच लिहून ठेवलं. मला ती कबुली फार मोलाची वाटते.

जर्नलही नाव बदलतात बरं का. एम. एन. श्रीनिवास यांचा संस्कृतीकरणावरचा १९५६ चा निबंध ‘फार ईस्टर्न क्वार्टर्ली’त आला, १५(४):४८१–९६. पुढच्याच खंडापासून ते झालं ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’. संदर्भात जुनंच नाव ठेवायचं, कारण कपाटातल्या त्या खंडाच्या पुठ्ठ्यावर तेच आहे. गंमत म्हणजे ‘श्रीनिवास’ हे आडनाव नव्हेच. ‘एम.’ म्हणजे म्हैसूर, गावाचं नाव; ‘एन.’ म्हणजे नरसिंहाचार, वडिलांचं; श्रीनिवास स्वतःचं. तरी सूचीत शोधायचं ‘श्रीनिवास’खालीच.

नव्या नावाच्या त्याच जर्नलमध्ये १९६२ साली इरावती कर्वे वारीवरच्या निबंधातून दिंडीबरोबर चालत आल्या. खंड २२, अंक १, पानं १३ ते २९. सतरा पानं, आणि त्यात पंढरपूरची वाट.